साथ एक, रीती अनेक



रोगाला जात नाहीं, पंथ नाहीं, राज्याची सीमा नाहीं, असें आपण नेहमीं म्हणतों. आणि जंतूंच्या बाजूनें पाहिलें तर तें खरेंहि आहे. परंतु रोग ज्याच्या दारीं येतो त्या मनुष्याला जात असते, पंथ असतो, गांव असतें. त्याच्या स्वयंपाकघराची एक रीत असते, देवघराची एक असते आणि स्मशानाची एक असते. म्हणून साथ एकच असली तरी तिच्याशीं वागण्याचे नियम देशोदेशीं निराळे होतात, आणि जेथें नियम एकच असतो तेथेंहि तो पाळण्याची तऱ्हा आळीआळींत पालटते. इ. स. २०२० ते २०२२ या तीन वर्षांत कोरोनाच्या निमित्तानें हें आपण सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. वीतभर कापडाची ती मुखपट्टी, जिला आपण सारे मास्क म्हणूं लागलों, ती कोठें सभ्यतेचें लक्षण ठरली, कोठें भित्रेपणाचें, तर कोठें सरकारी जुलमाचें. असें कां झालें, आणि त्यांतून पुढील साथीसाठीं काय शिकावें, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम मास्काचें काम काय तें पाहूं. बोलतांना, खोकतांना, शिंकतांना आपल्या तोंडांतून व नाकांतून सूक्ष्म तुषार उडतात आणि त्यांबरोबर रोगाचें बीज उडतें. मास्क त्यांतील कांहीं भाग बाहेर पडतांनाच अडवितो, आणि दुसऱ्याच्या तोंडांतून आलेला कांहीं भाग आंत शिरतांना अडवितो. म्हणजे तो बांधणाऱ्याचें थोडें रक्षण करतो आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचेंहि करतो. ही दुसरी गोष्ट विसरली म्हणजे सारा घोटाळा होतो. ‘मला कांहीं झालेलें नाहीं, मग मीं कां बांधावा?’ हा प्रश्न त्या विस्मृतींतूनच निघतो. आपल्या देशांतील स्थानकवासी व तेरापंथी जैन साधुसाध्वी तोंडावर मुहपत्ती बांधतात, ती स्वतःच्या आरोग्यासाठीं नव्हे. आपल्या श्वासानें व बोलण्यानें वायूंतील सूक्ष्म जीवांस पीडा होऊं नये म्हणून. तिचा हेतु धर्माचा आहे, वैद्यकाचा नाहीं. तथापि आपल्या श्वासाबद्दल आपण दुसऱ्या जीवास जबाबदार आहों, हा विचार तिच्या मुळाशीं आहे. आणि साथीच्या काळांतील मास्काच्या मुळाशीं दुसरें काय आहे?

सामान्य जनांनीं साथींत मास्क बांधण्याचा इतिहास फारसा जुना नाहीं. सन १९१०च्या हिवाळ्यांत मांचुरियांत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला, तेव्हां चिनी सरकारनें वू लिएन-तेह नांवाच्या एका तरुण डॉक्टरास तेथें धाडलें. हा पेनांगचा राहणारा आणि केंब्रिजला शिकलेला. हा प्लेग पिसवांवांचून, माणसाच्या श्वासावाटे माणसास लागतो, असें त्यानें ओळखलें, आणि गॉज व कापूस यांची पट्टी सर्वांनीं नाकातोंडावर बांधावी असा आग्रह धरला. मेस्नी नांवाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरास हें पटलें नाहीं. तो मास्कावांचून रोगी तपासावयास गेला आणि थोड्याच दिवसांत त्याच रोगानें मरण पावला. त्या साथींत सुमारें ६०,००० माणसें दगावलीं. मोठ्या डॉक्टराचा असा अंत झालेला पाहून हार्बिन शहरांतील लोकांनीं त्या पट्टीचा उपहास सोडून दिला. येथें नियम लोकांच्या गळीं उतरला तो भयानें. आणि भय हा गुरु कडक खरा, पण त्याचा पाठ फार दिवस लक्षांत राहत नाहीं.

याचा दाखला आठ वर्षांनीं अमेरिकेंत मिळाला. १९१८ सालीं इन्फ्ल्युएंझाची महासाथ आली. एकट्या हिंदुस्थानांत तिनें एक कोटीहून अधिक बळी घेतले. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरानें ऑक्टोबर १९१८मध्यें मास्क सक्तीचा केला. त्या वेळीं महायुद्ध चालू होतें. मास्क बांधणें ही देशसेवा आणि न बांधणारा तो कर्तव्यास चुकणारा, अशी सार्वत्रिक भावना होती. रोग ओसरला आणि २१ नोव्हेंबरला दुपारीं भोंगा वाजतांच लोकांनीं मास्क काढून रस्त्यांत फेकले. पुढें रोगानें पुन्हां उचल खाल्ली, म्हणून जानेवारी १९१९मध्यें नियम परत आला. परंतु आतां युद्ध संपलें होतें, उत्साह ओसरला होता. त्याच शहरांत मास्कविरोधी संघ स्थापन झाला, विरोधाच्या सभा भरल्या, आणि १ फेब्रुवारीस नियम उठविण्यांत आला. शहर तेंच, लोक तेच, रोगहि तोच. पहिल्या वेळीं मास्क लोकांचा होता. दुसऱ्या वेळीं तो नगरपालिकेचा झाला.

आतां जपानकडे वळूं. तेथें २०२० सालीं मास्क न बांधणाऱ्यास दंड करणारा कायदा नव्हता. सरकारनें विनंति केली आणि जवळजवळ सर्वांनीं ती मानली. याचें कारण जपानी मनुष्य जन्मतः आज्ञाधारक असतो हें नव्हे. १९१८च्या साथीपासून तेथें मास्काची ओळख होती. पुढें वसंत ऋतूंत सुगी नांवाच्या वृक्षांच्या परागांनीं अनेकांस शिंका व डोळ्यांची आग यांचा उपद्रव होऊं लागला, तेव्हां मास्क हा नित्याचा झाला. आणि सर्दी झालेल्या माणसानें कचेरींत किंवा आगगाडींत मास्क बांधून जावें, ही शिष्टाचाराची गोष्ट ठरली. शंभर वर्षांत जी चाल पडली तिला शिपायाची गरज उरली नाहीं. इतकेंच नव्हे, तर १३ मार्च २०२३पासून मास्क ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोपविल्यानंतरहि पुष्कळ लोक तो बांधून फिरत राहिले. चेक देशांत मात्र अशी कोणतीहि चाल नव्हती. तरीहि मार्च २०२०मध्यें सरकारनें सक्ति केली तेव्हां बाजारांत मास्क मिळत नव्हते, म्हणून घरोघर लोक शिवणाचीं यंत्रें घेऊन बसले आणि स्वतःसाठीं व शेजाऱ्यांसाठीं मास्क शिवूं लागले. ज्यानें स्वतः शिवून शेजाऱ्यास मास्क दिला, त्याला तो बाहेरून लादलेला कसा वाटावा?

याच्या उलट, नियमाची पूर्वपीठिका विपरीत असली म्हणजे काय होतें तें हाँगकाँग व फ्रान्स येथें दिसतें. हाँगकाँगच्या सरकारनें ऑक्टोबर २०१९मध्यें निदर्शनांत तोंड झांकण्यास बंदी केली, आणि अवघ्या नऊ महिन्यांनीं, जुलै २०२०मध्यें, सार्वजनिक जागीं तोंड झांकणें सक्तीचें केलें. तथापि तेथील लोक सरकारी हुकुमासाठीं थांबले नव्हते. २००३ सालीं सार्स रोगानें त्या नगरींत २९९ माणसें नेलीं होतीं, त्या आठवणीनें त्यांनीं कोरोनाची वार्ता येतांच आपण होऊन मास्क बांधले होते. फ्रान्समध्यें २०१०च्या कायद्यानें सार्वजनिक जागीं चेहरा झांकणें हा गुन्हा ठरला होता. मे २०२०पासून तेथेंच आगगाडींत व बसमध्यें तोंड न झांकणें हा गुन्हा ठरला. ज्या मुसलमान स्त्रियांस बुरख्यापायीं दंड भरावा लागला होता त्यांच्या मनांत या दोन कायद्यांची तुलना आल्यावांचून कशी राहावी? कायदा करणाऱ्याच्या दृष्टीनें दोन्ही गोष्टी निरनिराळ्या असतील. ज्याच्यावर कायदा चालतो तो मात्र सारे हिशेब एकाच वहींत लिहितो.

परदेशचीं उदाहरणें येथेंच पुरे करून आपल्या घराकडे वळूं. कारण या विषयांतील सर्वांत मोठा धडा महाराष्ट्रांतच लिहिला गेला आहे. सप्टेंबर १८९६मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग असल्याचें डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्रथम ओळखलें. फेब्रुवारी १८९७मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत प्लेगचा कारभार रँड या अधिकाऱ्याच्या हातीं आला. रोगी वेगळा ठेवावा, घर धुऊन काढावें, या नियमांत वैद्यकाच्या दृष्टीनें गैर असें थोडेंच होतें. परंतु तो नियम अमलांत आणावयास आले ते गोरे सोजीर. ते पायांतल्या बुटांसह स्वयंपाकघरांत व देवघरांत शिरले, बायकामाणसांची तपासणी रस्त्यावर झाली, सामानसुमान बाहेर फेकलें गेलें. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवूं लागले. ज्या उपायानें रोग उघडकीस यावयाचा त्याच उपायानें तो माजघराच्या अंधारांत जाऊन बसला. २२ जून १८९७च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली, त्याचा पुढील इतिहास आपणांस ठाऊकच आहे.

याच त्रासाचें दुसरें रूप मार्च १८९८मध्यें मुंबईंत दिसलें. मदनपुऱ्यांतील मुसलमान जुलाह्यांच्या वस्तींत तपासणी करणारे लोक एका आजारी मुलीस नेऊं लागले, तेव्हां वस्ती खवळली आणि दंगा होऊन गोळीबारापर्यंत पाळी आली. पुण्यांतला ब्राह्मण आणि मुंबईंतला जुलाहा यांचा धर्म निराळा, आचार निराळा. पण घरच्या आजारी माणसास परका हात लावून नेतो, हें दुःख दोघांचें सारखेंच होतें. एकाचा आचार ‘सनातनी’ म्हणून आणि दुसऱ्याचा ‘अडाणी’ म्हणून हिणविणाऱ्या अधिकाऱ्यांना हें साम्य दिसलें नाहीं.

पुढें सरकार थोडें शहाणें झालें. मुंबईंत निरनिराळ्या समाजांस आपापलीं प्लेगचीं इस्पितळें काढण्याची मुभा मिळाली आणि हिंदु, मुसलमान, पारशी, जैन अशा अनेक समाजांनीं तीं काढलीं. पुण्यांतहि हिंदूंसाठीं प्लेगचें इस्पितळ निघालें आणि त्याच्या उभारणींत लोकमान्य टिळकांनीं पुढाकार घेतला. जेथें औषधपाणी आपल्या माणसाच्या हातचें मिळतें आणि मेल्यावर आपल्या रीतीनें मूठमाती किंवा अग्नि मिळतो, तेथें रोग्यास नेण्यास घरच्यांची ना नसे. लसीचेंहि तसेंच झालें. डॉ. हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु खोजा समाज टोचून घेऊं लागला तो आगाखानांनीं स्वतः चारचौघांसमोर टोचून घेतल्यावर. शास्त्रज्ञाचें धैर्य मोठें होतें. पण खोजांच्या घरांत त्या धैर्याची ओळख करून देणारा माणूस त्यांच्यांतलाच लागला.

तथापि जातवार इस्पितळांची ही व्यवस्था निर्दोष होती असें मात्र कोणी समजूं नये. ज्या समाजापाशीं धन होतें, वजन होतें, त्याचें इस्पितळ निघालें. ज्याला गांवकुसाबाहेर ठेवलें होतें त्याचें कोण काढणार? त्या वेळीं पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनीं पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रोग्यांसाठीं दवाखाना चालविला आणि ज्यांस कोणी शिवत नव्हतें त्यांची शुश्रूषा केली. त्या सेवेंतच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. या आठवणीबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोरोनाच्या काळांत ‘अंतर राखा’ हा शब्द निघाला, तेव्हां ‘आमचें सोंवळें हेंच शास्त्रीय होतें’ असें कित्येकजण अभिमानानें म्हणूं लागले. हें म्हणणें घातक आहे. रोगाचें अंतर सर्वांस सारखें असतें आणि साथ सरली कीं संपतें. जातीचें अंतर एकाच बाजूनें मोजलें जात असे आणि तें पिढ्यान्‌पिढ्या संपत नसे. पहिलें अंतर दुसऱ्याचा जीव वांचवितें. दुसरें त्याचें माणूसपण नाकारतें. दोन्हींस एका तागडींत तोलणें हा बुद्धीचा अपमान आहे.

आतां कोरोनाकाळाकडे येऊं. १८९७चा तोच कायदा मार्च २०२०मध्यें पुन्हां पुढें आला. मुंबई महानगरपालिकेनें ८ एप्रिल २०२० रोजीं सार्वजनिक जागीं मास्क सक्तीचा केला; पुढें न बांधणाऱ्यास २०० रुपये दंड होऊं लागला. दंडानें काय साधतें आणि काय साधत नाहीं, हें बाजारच्या रस्त्यावर उभें राहून कोणालाहि पाहतां आलें. शिपाई दिसला कीं मास्क नाकावर चढे आणि शिपाई वळला कीं हनुवटीवर उतरे. खेड्यांत पुरुषांनीं उपरण्याचा शेव घेतला, बायकांनीं पदर घेतला, आणि भजनी मंडळांतील वृद्धांनीं कानटोपीची पट्टीच तोंडावर ओढली. जो तो आपल्या पोशाखांतून मार्ग काढीत होता. शहरांतील सुशिक्षितांनीं या पदरांस हंसूं नये. ज्या बाईनें पदर तोंडावर धरला तिला नियमाचा अर्थ कळला होता, तिला फक्त कापडाची शास्त्रीय जात ठाऊक नव्हती.

परंतु कित्येकदां नियम न पाळण्याचें कारण अज्ञान नसतें, उद्धटपणाहि नसतो. साधन नसणें हेंच असतें. ‘घरांत राहा, एकमेकांपासून दूर राहा, वरचेवर हात धुवा’ हे तीन नियम ज्यानें लिहिले त्याच्या डोळ्यांपुढें चार खोल्यांचें आणि चोवीस तास नळाचें घर असावें. मुंबईची धारावी सुमारें अडीच चौरस किलोमीटरांहूनहि कमी जागेंत आठ लाखांहून अधिक माणसें पोटांत घेऊन बसली आहे. एका खोलींत आठ-दहा माणसें आणि बहुतेकांस सार्वजनिक शौचकूप. तेथें १ एप्रिल २०२० रोजीं पहिला रोगी आढळला, तेव्हां आतां ही वस्ती मसणवट होणार असें भाकीत पुष्कळांनीं केलें. तें खोटें ठरलें. महानगरपालिकेनें रोगी आपण होऊन येण्याची वाट पाहिली नाहीं. वस्तींतील खासगी डॉक्टरांस बरोबर घेऊन घरोघर तपासणी केली, तापाचे दवाखाने उघडले, शाळा व सभागृहें विलगीकरणासाठीं घेतलीं, तेथें जेवणाखाण्याची सोय केली, आणि शौचकूप दिवसांतून अनेकदां धुऊन काढले. ज्याला घरांत अंतर राखतां येत नाहीं त्याला अंतर राखण्याची जागा दिली. लोकांस ओळखीचा डॉक्टर दारांत दिसला, म्हणून दारें उघडलीं. जुलै २०२०मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीं धारावीचा गौरवानें उल्लेख केला, आणि २५ डिसेंबर २०२० रोजीं तेथें एकहि नवा रोगी आढळला नाहीं. पुण्यांतील १८९७ आणि धारावींतील २०२० यांत घरोघर झडती ही गोष्ट समान आहे. फरक आहे तो झडतीस येणारा कोण आणि तो काय घेऊन येतो, एवढ्याचाच.

साधनांवांचून नियम लादला म्हणजे काय होतें, याचेंहि स्मरण ठेवलें पाहिजे. २४ मार्च २०२०च्या रात्रीं अवघ्या चार तासांच्या अवधीनें देशभर टाळेबंदी झाली आणि हातावर पोट असलेले मजूर शेंकडों कोस पायीं आपापल्या गांवाकडे निघाले. ८ मे रोजीं पहांटे औरंगाबादजवळ करमाड येथें लोहमार्गावर थकून झोंपी गेलेले १६ मजूर मालगाडीखालीं सांपडून मेले. त्यांनीं नियम मोडला होता असें म्हणणारास मीं एवढेंच विचारावें कीं, नियम पाळून त्यांनीं जेवावयाचें कोठें?

श्रद्धेच्या प्रांतांत काय घडलें तें आतां पाहूं. कारण धर्म मानणारे लोक नियम मानीत नाहींत असा एक सोपा समज आहे. २०२० सालच्या आषाढींत वारी पायीं निघाली नाहीं. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या माणसांसह एस. टी. च्या बसनें पंढरीस गेल्या. शतकांची परंपरा थांबली, आणि तिच्यासाठीं कोठें लाठी चालवावी लागली नाहीं. लालबागच्या राजाच्या मंडळानें त्या वर्षीं मूर्तीची स्थापना न करतां रक्तदान व प्लाझ्मादान करविलें. रमजानची नमाज मुसलमान बांधवांनीं घरीं पढली आणि ईदची गळाभेट मनांत ठेवली. नवरोज, ईस्टर, आंबेडकर जयंती हे सारे दिवस घरांतच साजरे झाले. सर्वत्र असेंच झालें असें नाहीं. गर्दी सर्व धर्मांत झाली, तशीच ती लग्नांत व निवडणुकीच्या सभांतहि झाली. परंतु ज्या ठिकाणीं समाजांतील मान्य पुरुषांस आधीं विचारलें गेलें, तेथें त्यांनींच आपल्या लोकांस समजाविलें, हा अनुभव आहे.

जेथें विचारलें गेलें नाहीं तेथील अनुभवहि सांगतों. ३० मार्च २०२० रोजीं मुंबईंत असें परिपत्रक निघालें कीं, कोरोनानें मेलेला कोणत्याहि धर्माचा असो, त्याचें दहनच करावें. कांहीं तासांतच तें मागें घेण्यांत आलें, हें चांगलेंच झालें; कारण दफनानें रोग पसरतो असा पुरावा नव्हता. श्रीलंकेंत मात्र मुसलमानांच्या प्रेतांचें सक्तीचें दहन फेब्रुवारी २०२१पर्यंत चालूं राहिलें आणि त्या समाजाच्या काळजाला घर पडलें. आपल्याकडील पारशी समाजाचा प्रश्न याहून अवघड होता, कारण दोखम्यांत प्रेत उघडें ठेवावयाचें असतें. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर फेब्रुवारी २०२२मध्यें सरकार व समाज यांनीं एकत्र बसून तोड काढली. पक्ष्यांचा संपर्क होऊं नये म्हणून प्रेतावर धातूची जाळी असावी असें ठरलें. धर्महि राहिला आणि आरोग्यहि राहिलें. हें बसणें दोन वर्षें आधीं झालें असतें तर किती घरांतील दुःख हलकें झालें असतें!

याहूनहि वाईट प्रकार म्हणजे साथीचा दोष एखाद्या समाजाच्या माथीं मारणें. २०२० सालीं तबलिगी जमातीच्या निमित्तानें मुसलमान भाजीवाल्यांस व फेरीवाल्यांस कित्येक आळ्यांत मज्जाव झाला. पुढें त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें त्या परदेशी पाहुण्यांवरील खटले रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यांत आल्याचें मत नोंदविलें. ज्याच्यावर आळ येतो तो आजार लपवितो. आणि लपलेला आजार आळ घेणाऱ्याच्याहि घरीं पोंचतो. प्लेगच्या काळचा पुण्याचा धडा तो हाच.

मग नियम लोकांत रुजवावा तरी कसा? याचें सुंदर उत्तर शेजारच्या बांगला देशांतील एका प्रयोगानें दिलें आहे. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळांत तेथील ६०० खेड्यांत, सुमारें ३,४०,००० प्रौढ माणसांमध्यें, संशोधकांनीं एक पाहणी केली. निम्म्या गांवांत त्यांनीं कांहीं केलें नाहीं. उरलेल्या गांवांत घरोघर फुकट मास्क वाटले, तो कां बांधावा हें समजाविलें, मशिदींतील इमामांकडून व गांवच्या पुढाऱ्यांकडून सांगविलें, आणि बाजारांत उभें राहून न बांधणाऱ्यास सौम्य शब्दांत आठवण दिली. पहिल्या गांवांत शंभरांतील सुमारें १३ माणसें नीट मास्क बांधीत, दुसऱ्या गांवांत सुमारें ४२. लक्षणें होऊन रक्ततपासणींत सिद्ध झालेल्या आजाराचें प्रमाण या दुसऱ्या गांवांत शेंकडा नऊ-साडेनऊनें कमी आढळलें, आणि शस्त्रक्रियेच्या वेळीं वापरतात तशा मास्कांचा गुण म्हाताऱ्या माणसांत विशेष दिसला. यांतील मनोरंजक भाग असा कीं, पैशाचें किंवा प्रमाणपत्राचें आमिष आणि टेलिफोनवरचे संदेश यांनीं अधिक कांहीं साधलें नाहीं. गुण आला तो समोरासमोरच्या शब्दानें. शेंकडा ४२ म्हणजे निम्म्यांहूनहि कमी, हेंहि ध्यानांत घ्यावें. माणसाची संवय हळूहळूच पालटते.

या साऱ्यावरून मला चार गोष्टी सुचतात. पहिली अशी कीं, नियम करण्यापूर्वीं ज्यांनीं तो पाळावयाचा त्यांस विचारावें, आणि विचारण्याची वेळ साथ येण्यापूर्वींची असावी. प्रत्येक गांवच्या ग्रामसभेनें, प्रत्येक मशिदीच्या, मंदिराच्या, चर्चच्या व विहाराच्या व्यवस्थापकांनीं एकदां बसून ठरवून ठेवावें कीं, पुढची साथ आली तर मयताचें कसें करावें, जत्रेचें कसें करावें, एकट्या वृद्धांस डबा कोणी पोंचवावा. दुसरी गोष्ट, नियमाबरोबर साधन द्यावें. मास्क सांगितला तर मास्क, विलगीकरण सांगितलें तर खोली आणि बुडालेली रोजंदारी. तिसरी गोष्ट, नियम थोरांस आणि लहानांस एकच असावा. इंग्लंडांत लोक आपल्या मरणोन्मुख आईबापांच्या भेटीस मुकले होते, त्याच काळांत पंतप्रधानांच्या निवासस्थानीं मेजवान्या झाल्या. एप्रिल २०२२मध्यें खुद्द पंतप्रधानांस त्याबद्दल दंड झाला. त्या दंडाची रक्कम थोडी, पण नियमाच्या पुण्याईंतून जें वजा झालें तें मोठें होतें. चौथी गोष्ट, शास्त्राचें मत बदललें तर तें कां बदललें हें लोकांस मोकळेपणानें सांगावें. २०२०च्या आरंभीं निरोग्यांस मास्काची गरज नाहीं असें अनेक देशांतील अधिकारी सांगत होते. ५ जून २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें जेथें अंतर राखतां येत नाहीं तेथें सर्वांनीं बांधावा असें सांगितलें. मत बदलणें हा शास्त्राचा धर्म आहे. मुलांस गणित शिकवितांना उत्तराबरोबर रीतहि दाखवावी लागते, नाहींतर मुलें तें उत्तर घोकतात आणि पुढच्या गणितास अडतात. हा माझ्या धंद्यांतला अनुभव येथेंहि लागूं आहे.

कोणी म्हणेल कीं, रोग दारांत उभा असतांना इतकी विचारपूस करावयास वेळ कोठें? शंका रास्त आहे. आग लागल्यावर घोंगडी कोणत्या रंगाची घ्यावी याची चर्चा करीत नाहींत. म्हणूनच ती चर्चा आग नसतांना करावयाची असते. आमच्या आज्यापणज्यांनीं प्लेगच्या काळांत एक रीत पाडली होती. घरांत उंदीर पडूं लागले कीं सारा गांव उठून माळावर झोंपड्या घालून राहावयास जाई. धनको आणि कुणबी दोघेहि जात, आणि मागें राहिलेल्या घरांवर आळीपाळीनें राखण होई. सोजिरांच्या झडतीपुढें दार लावणारे तेच लोक या रीतीनें आपलें घरदार सोडून जात होते. हुकूम आणि रीत यांतील अंतर तें हेंच.

महाराष्ट्रांत कोरोनाचे निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं, उठले आणि मास्क ज्याच्या त्याच्या इच्छेवर आला. बहुतेकांनीं तो त्याच दिवशीं खुंटीला टांगला, त्यांत आश्चर्य नाहीं. परंतु सक्ति उठली म्हणजे कारण संपलें असें नव्हे. घरांत तान्हें मूल आहे, दम्याचा म्हातारा आहे, कर्करोगाचे उपचार चाललेले कोणी आहे, आणि आपणांस सर्दी-खोकला झाला आहे. अशा वेळीं चार दिवस नाकातोंडावर पट्टी बांधावयास सरकारी हुकूम कशाला हवा? मुलांस खोकतांना तोंडावर रुमाल धरावयास आपण शिकवितों, त्याच्याच पुढची ही पायरी आहे. एवढी संवय प्रत्येक घरानें आपल्या आपल्या रीतीनें लावून घेतली, कोणीं रुमालानें, कोणीं पदरानें, कोणीं चांगल्या मास्कानें, तर पुढची साथ येईल तेव्हां नियम सांगणारास आपल्या दारीं शिपाई पाठवावा लागणार नाहीं.